त्याच घराच्या नावाची बनावट साइट पुन्हा पुन्हा का उभी राहते? कोकणातील होमस्टेचालकांसाठी समस्या निवारण

मालवण, तारकर्ली, देवबाग, गुहागर, दापोलीजवळचे मुरूड, हरिहरेश्वर अशा किनारी गावांत घरगुती निवासाची सोय करणाऱ्यांना एक तक्रार सातत्याने करावी लागते. दिवाळीच्या किंवा नाताळच्या गर्दीत एखादे कुटुंब बॅगा घेऊन दारात उतरते, आगाऊ रक्कम भरल्याची पावती मोबाइलवर दाखवते आणि यजमानांच्या वहीत त्या नावाची नोंदच नसते. पावतीवर घराचे नाव बरोबर असते, अंगणातल्या झोपाळ्याचा फोटोही बरोबर असतो. फक्त पैसे भलत्याच खात्यात गेलेले असतात. मग शोधाशोध होते, बनावट साइट सापडते, कुणीतरी तिची तक्रार करते, ती काही दिवसांनी दिसेनाशी होते आणि सगळे निर्धास्त होतात. पुढे लागून सुट्ट्या आल्या की तेच फोटो, तेच नाव आणि किंचित बदललेला पत्ता घेऊन साइट पुन्हा हजर असते.

अशी फसवणूक एकदा होणे समजू शकते, पण ती एकाच घराच्या नावाने वारंवार होत असेल तर निवारणाच्या पद्धतीतच काहीतरी उणे आहे असे समजावे. बहुतेक ठिकाणी उणीव एकच आढळते. बनावट साइट म्हणजे केवळ पडद्यावर दिसणारे पान नव्हे. तिच्यामागे एक डोमेन, म्हणजे साइटचे नोंदवलेले नाव, असते, ते पान जिथे ठेवलेले आहे ते होस्टिंग असते, बोलणी करण्यासाठीचा फोन किंवा व्हॉट्सअॅप क्रमांक असतो, पैसे घेण्यासाठी यूपीआय आयडी किंवा बँक खाते असते, आणि ग्राहकाला तिथवर आणणारी एखादी जाहिरात किंवा नकाशावरची नोंद असते. आपण तक्रार करतो ती पानाची. डोमेन, क्रमांक आणि खाते शाबूत राहतात, आणि तेवढे शाबूत असले की नवे पान उभे करायला अर्धा तासही पुरतो.

पहिले काम पैशांचे

दारात आलेला पाहुणा संतापलेला असतो आणि यजमान गोंधळलेले असतात. या गोंधळात सर्वांत मोलाचा वेळ "तुम्ही आधी आम्हाला फोन का केला नाहीत" या वादात जातो. पाहुण्याने त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या केंद्र सरकारच्या पोर्टलवर तक्रार नोंदवावी. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राकडून ही व्यवस्था चालते. तक्रार नोंदली की ती पैसे ज्या बँकेत गेले त्या बँकेकडे पाठवली जाते, आणि रक्कम तिथे शिल्लक असेल तर ती गोठवली जाते. रक्कम पुढच्या खात्यात सरकली असेल तर तक्रारही त्या बँकेकडे पुढे जाते. पण एटीएममधून रोख निघाली की साखळी तिथेच तुटते. म्हणून एक दिवसानंतरच्या तक्रारीपेक्षा एका तासातल्या तक्रारीला कितीतरी अधिक अर्थ असतो.

ही तक्रार पाहुण्यानेच केली पाहिजे, ही गोष्ट अनेक यजमानांच्या लक्षात येत नाही. पैसे त्याच्या खात्यातून गेलेले असतात. बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक त्याच्याकडे असतो. यजमान भल्या मनाने फोन करतात आणि पहिल्याच प्रश्नाला अडतात. यजमानांची तक्रार वेगळी असते: आपल्या घराचे नाव आणि फोटो वापरून लोकांना फसवले जात आहे, ही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ६६ ड मध्ये संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसवणे हा गुन्हा आहे आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ आणि ३१९ मध्ये अनुक्रमे फसवणूक आणि तोतयेगिरीने केलेली फसवणूक येते. दोन्ही तक्रारी स्वतंत्रपणे नोंदवाव्यात आणि एकीत दुसरीचा क्रमांक लिहावा.

पाहुणा पुण्याचा, घर मालवण तालुक्यातले आणि खाते तिसऱ्याच राज्यातले, मग तक्रार कुठे द्यायची, असा प्रश्न हमखास पडतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली असेल तर तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. तेव्हा सुट्टी संपवून घरी परतल्यावर बघू, असे पाहुण्याला म्हणू देऊ नये.

पुरावा आधी, तक्रार नंतर

साइट दिसताच ती बंद पाडण्याची घाई होते आणि इथेच पुढच्या हंगामातील फसवणुकीची सोय होऊन बसते, कारण पान गेले की त्याबरोबर त्यावरचा फोन क्रमांक, पैसे घेण्याचा आयडी आणि पत्ताही जातो, आणि हातात उरतो तो कुणीतरी गटात टाकलेला अर्धवट कापलेला स्क्रीनशॉट. अशा स्क्रीनशॉटमध्ये साइटचा पत्ता दिसत नाही, तारीख दिसत नाही, आणि तो दहा जणांकडून फिरून आल्यामुळे मुळात कोणत्या फोनवर घेतला हेही सांगता येत नाही.

शक्यतो संगणकावर साइट उघडून पूर्ण पत्ता दिसेल अशा प्रकारे प्रत्येक पानाचे चित्र घ्यावे आणि पान पीडीएफ म्हणूनही साठवावे. पत्ता चित्रातून टंकून न काढता नक्कल करून एका साध्या मजकूर फाइलमध्ये चिकटवावा, कारण इंग्रजी लहान एल आणि आकडा एक, किंवा ओ आणि शून्य, यांतला फरक डोळ्यांना कळत नाही आणि फसवणारे नेमका त्याचाच उपयोग करतात. इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेच्या वेबॅक मशीनवर "सेव्ह पेज नाऊ" अशी सोय आहे. तिथे पत्ता दिला की पानाची तारखेसह प्रत तिसऱ्या ठिकाणी जतन होते. पाहुण्याने व्हॉट्सअॅपवरील संवाद पुसू नये. तो निर्यात करून ठेवावा आणि समोरच्या क्रमांकाला लगेच ब्लॉकही करू नये, कारण पुढे येणारे संदेशही पुराव्याचाच भाग असतात.

न्यायालयात हा पुरावा टिकायचा असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ चे कलम ६३ लक्षात ठेवावे लागते. १ जुलै २०२४ पासून ते लागू आहे. त्यापूर्वी हेच काम जुन्या पुरावा कायद्यातील कलम ६५ ब करीत असे. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यायच्या प्रमाणपत्राचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीत दिलेला आहे. त्याचे दोन भाग असून एक साधन ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. त्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्य लिहायची जागा आहे. हॅश म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेली अंक-अक्षरांची ठरावीक लांबीची ओळ. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदलले तरी ती ओळ पूर्णपणे वेगळी येते. एसएचए-२५६ ही त्यातली सर्वत्र चालणारी पद्धत आहे आणि विंडोज संगणकात ती काढण्याची आज्ञा मुळातच असते. प्रमाणपत्राची तांत्रिक बाजू पोलीस सांभाळतात. यजमानांनी मूळ फाइल न उघडता, न कापता एका फोल्डरमध्ये ठेवली आणि कामासाठी तिची नक्कल वापरली तरी पुष्कळ झाले.

आता तपास

इथून पुढे जे सांगितले आहे ते सर्व जाहीर माहितीवर चालते आणि त्यासाठी कोणाच्याही खात्यात शिरावे लागत नाही.

आरंभ पत्त्यापासून करावा. समजा, आपली साइट "अमुकनिवास डॉट कॉम" आहे आणि पाहुण्याच्या मोबाइलवर "अमुकनिवास डॉट कॉम डॉट तमुकबुकिंग डॉट एक्सवायझेड" असे दिसते. वाचणारा डावीकडून वाचतो, ओळखीचे नाव सापडले की थांबतो, आणि मोबाइलच्या अरुंद पट्टीत बऱ्याचदा तेवढेच मावते. डोमेनचा मालक मात्र उजवीकडून ठरतो. पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या आधी जे शेवटचे दोन भाग येतात, ते इथे "तमुकबुकिंग डॉट एक्सवायझेड" आहेत. खरे डोमेन तेवढेच. त्याच्या डावीकडे काहीही लिहिण्याची मुभा त्या डोमेनच्या मालकाला असते. "डॉट को डॉट इन"सारख्या शेवटांमध्ये दोनऐवजी तीन भाग मोजावेत, एवढाच अपवाद.

पत्त्याच्या पट्टीतील कुलपाविषयीचा गैरसमजही इथेच दूर केलेला बरा. कुलूप एवढेच सांगते की तुमचा फोन आणि ती साइट यांच्यामधली देवाणघेवाण वाटेत कोणाला वाचता येणार नाही. साइट चालवणारा सज्जन आहे की चोर, याविषयी ते काहीही बोलत नाही. लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थांमुळे या कुलपासाठी लागणारे प्रमाणपत्र आता विनामूल्य आणि काही मिनिटांत मिळते, आणि चोरालाही मिळते. गुगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोममधून कुलपाचे चिन्ह काढून टाकले त्यामागे हेच कारण होते. तरीही "कुलूप बघा आणि निर्धास्त व्हा" असा सल्ला आजही दिला जातो. तो देणे आता थांबवावे.

डोमेन हाती लागले की त्याची नोंदणी पाहावी. पूर्वी हे काम व्हूइज नावाच्या सेवेने होत असे. जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण डोमेनसाठी आरडॅप ही नवी पद्धत अधिकृत आहे आणि डोमेनांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन संस्थेच्या शोध पानावर ती कोणालाही वापरता येते. मालकाचे नाव-गाव तिथे मिळेल अशी आशा धरू नये. युरोपातील खासगी माहितीविषयक नियम २०१८ मध्ये लागू झाल्यापासून ते बहुतांशी झाकलेले असते, आणि क्वचित दिसले तरी खोटे असण्याचीच शक्यता अधिक. उपयोगी गोष्टी वेगळ्याच आहेत. डोमेन केव्हा नोंदवले ती तारीख पाहावी: "वीस वर्षांची परंपरा" सांगणारी साइट गेल्या पंधरवड्यात जन्मलेली असते. रजिस्ट्रार, म्हणजे डोमेनची नोंदणी करून देणारी कंपनी, कोण आहे हे पाहावे, कारण तक्रार त्याच्याकडेच करायची असते आणि गैरवापराच्या तक्रारींसाठीचा त्याचा ईमेल त्याच नोंदीत दिलेला असतो. नेमसर्व्हर, म्हणजे ते डोमेन कोणत्या संगणकावर सापडेल हे सांगणारे सर्व्हर, टिपून घ्यावेत. पुढच्या हंगामात नवी साइट आली आणि तिचा रजिस्ट्रार, नेमसर्व्हर व मजकुरातील शुद्धलेखनाच्या चुका तशाच असतील, तर माणूसही बहुधा तोच आहे, असे पोलिसांना कागदावर दाखवता येते. हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण "जेवन" आणि "समूद्र" अशा ठरावीक चुकांनी दोन साइटींचे नाते जसे उघड होते तसे पुष्कळदा तांत्रिक नोंदींनीही होत नाही.

साइटऐवजी फेसबुक पान असेल तर त्याच्या "पेज ट्रान्स्परन्सी" विभागात पान केव्हा तयार झाले, त्याची नावे किती वेळा बदलली आणि ते चालवणारे कोणत्या देशात आहेत, हे दिसते. "तारकर्ली बीच होमस्टे" असे मिरवणारे पान आधी भलत्याच गावाच्या हॉटेलाच्या किंवा जुन्या गाड्यांच्या विक्रीच्या नावाने चालत होते, असे तिथे आढळू शकते. गुगलवरील जाहिरातीतून पाहुणा आला असेल, तर जाहिरातदाराने पडताळणीत दिलेले नाव गुगलच्या जाहिरात पारदर्शकता केंद्रात सापडते.

फोटो काय सांगतात

फोटोंची तपासणी मला या सगळ्यात सर्वांत फलदायी वाटते, कारण इथे किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाचे ज्ञान यंत्राच्या पुढे जाते.

आधी यंत्राचे काम. गुगल लेन्स किंवा टिनआय यांवर फोटो चढवला की तो जाळ्यावर आणखी कुठे आहे ते कळते. बनावट साइटवर आपले चार फोटो, शेजारच्या तालुक्यातल्या घराचे दोन आणि परदेशी हॉटेलाचा एखादा, अशी सरमिसळ नेहमी सापडते. ती सापडली की त्या दुसऱ्या घरमालकांनाही कळवावे. एकाच टोळीविरुद्ध दोन तालुक्यांतून आलेल्या तक्रारींचे वजन वेगळे असते. फोटोत दडलेली कॅमेऱ्याची, वेळेची आणि जागेची नोंद मात्र व्हॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीने आलेल्या फोटोत उरत नाही. मूळ फोटो आपलाच आहे हे सिद्ध करायला ती नोंद लागते, म्हणून आपल्या घराचे मूळ फोटो जपून ठेवावेत आणि पोलिसांना किंवा कंपनीला पाठवायचे झाल्यास "डॉक्युमेंट" म्हणून पाठवावेत.

आता डोळ्यांचे काम. समजा, एका साइटवर "खोलीतून दिसणारा समुद्रावरचा सूर्योदय" असा मथळा आहे. आपला समुद्र पश्चिमेला आहे. तारकर्लीच्या पुळणीवर उभे राहून सूर्य समुद्रातून उगवताना दिसणे शक्य नाही, आणि हे कळायला कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही. पण निष्कर्षाला घाई करू नये. देवबाग ही समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी आहे आणि तिच्या पूर्वेकडील घरांना नदीच्या पाण्यावरचा सूर्योदय खरोखर दिसतो. अशा वेळी फोटोतील पाण्यापलीकडे काय आहे ते पाहावे. नदी असेल तर पलीकडचा काठ, माड आणि त्यामागची टेकडी दिसेल, पाणी संथ असेल, लाटांची फेसाळ रेघ नसेल. क्षितिजापर्यंत मोकळे पाणी आणि त्यातून वर येणारा सूर्य असेल तर तो फोटो बहुधा पूर्व किनाऱ्यावरचा किंवा दुसऱ्याच देशातला असतो, नाहीतर सूर्यास्ताच्या फोटोला सूर्योदय म्हटलेले असते. याच रीतीने जांभ्या दगडाचा चिरा, कौलांचा आकार, होडीची बांधणी, अंगणातले पोफळीचे झाड किंवा त्याची अनुपस्थिती यांवरून फोटो कोणत्या भागातला नाही हे स्थानिक माणूस झटकन सांगू शकतो. पत्रकार आणि तपास करणारे लोक उपग्रह नकाशे उघडून जे ताडतात त्याचे मूळ तत्त्वही हेच आहे.

आयपी पत्त्याचा हट्ट

"त्याचा आयपी काढून द्या, बाकी आम्ही बघतो," अशी मागणी जवळजवळ प्रत्येक वेळी होते. आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या साधनाला मिळणारा क्रमांक; तो घराचा पत्ता नसतो. साइटच्या नावावरून जो आयपी मिळतो तो साइट ठेवलेल्या सर्व्हरचा असतो, आणि साइट व वाचक यांच्या मध्ये क्लाउडफ्लेअरसारखी आडोशाची सेवा असेल तर तोही नसतो, त्या सेवेचा असतो. फसवणाऱ्याच्या मोबाइलचा आयपी समजा मिळालाच, तरी मोबाइल कंपन्या एकच जाहीर आयपी एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. त्यातला नेमका ग्राहक ओळखायला सेकंदापर्यंतची वेळ आणि पोर्ट क्रमांक (त्या सामायिक आयपीवरील ग्राहकाच्या जोडणीचा क्रमांक) लागतो आणि ती नोंद कंपनी फक्त कायदेशीर मागणीवर तपास यंत्रणेला देते. परदेशी कंपन्यांच्या नोंदी बहुधा यूटीसी या जागतिक वेळेत असतात आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास असते. तक्रारीत वेळ लिहिताना "भारतीय प्रमाणवेळ" असे स्पष्ट लिहिले नाही तर साडेपाच तासांच्या गफलतीने भलत्याच ग्राहकाचे नाव पुढे येऊ शकते.

कॉल करणाऱ्याचे नाव दाखवणाऱ्या अॅपमध्ये दिसलेले नाव घेऊन ते गावच्या गटांत पसरवणे, हा याच हट्टाचा दुसरा अवतार आहे. ते नाव इतर लोकांनी आपापल्या फोनमध्ये साठवलेल्या नावांवरून आलेले असू शकते. सिम दुसऱ्याच्या कागदपत्रांवर घेतलेले असते, आणि ज्या खात्यात पैसे जातात तेही बऱ्याचदा चार पैशांच्या लोभाने कुणीतरी वापरायला दिलेले भाड्याचे खाते असते. अशा माणसाचे नाव जाहीर केल्याने खरा सूत्रधार सावध होतो आणि बदनामीची तक्रार आपल्यावर येते. फसवणाऱ्याच्या खात्याचा पासवर्ड ओळखून आत शिरण्याचा उत्साह कुणा हुशार पुतण्याला झालाच, तर त्याला तिथेच थांबवावे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात किंवा खात्यात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ आणि ६६ खालीच गुन्हा ठरू शकतो, समोरचा चोर असला तरी.

तक्रार प्रत्येक थराला

गोळा केलेली माहिती आता वाटून द्यायची. रजिस्ट्रारला आणि होस्टिंग कंपनीला इंग्रजीत थोडक्यात ईमेल लिहावा: बनावट पत्ता, आपला खरा पत्ता, चोरलेल्या फोटोंची मूळ ठिकाणे आणि पोलीस तक्रारीचा क्रमांक. रागाचा मजकूर नसावा. तो ईमेल वाचणाऱ्याला पाच ओळींत काय झाले ते कळले पाहिजे. क्लाउडफ्लेअर मध्ये असेल तर तिच्याकडे तक्रारीचे स्वतंत्र पान आहे. साइट धोकादायक असल्याचे गुगलच्या सेफ ब्राउझिंगला कळवले आणि त्यांनी ते मान्य केले, तर अनेक ब्राउझरांत ती उघडताना लाल इशारा दिसू लागतो; साइट बंद होईपर्यंतच्या दिवसांत हा इशारा अनेकांचे पैसे वाचवतो. व्हॉट्सअॅप क्रमांकाची तक्रार पाहुण्याने आणि यजमानांनी अॅपमधूनच करावी. यूपीआय आयडीची तक्रार ज्या अॅपमधून पैसे गेले त्या अॅपमध्ये त्याच व्यवहाराखाली करता येते. पैसे गेलेले नाहीत पण संशयास्पद फोन किंवा संदेश आला आहे, अशा वेळी दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरील चक्षू ही सोय वापरावी; पैसे गेल्यावर मात्र तिथे वेळ न घालवता १९३० लाच फोन करावा.

आठवड्याभराने डोमेनची नोंद पुन्हा पाहावी, ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. नोंदीत "क्लायंट होल्ड" किंवा "सर्व्हर होल्ड" अशी स्थिती दिसत असेल तर डोमेन खऱ्या अर्थाने थांबवले गेले आहे. तशी स्थिती नसेल आणि पान केवळ उघडत नसेल, तर फसवणाऱ्याने ते स्वतःच तात्पुरते खाली घेतले असण्याची शक्यता धरावी आणि रजिस्ट्रारकडे पाठपुरावा चालू ठेवावा.

आपल्या बाजूच्या फटी

सगळा दोष बाहेरचा नसतो. गुगल नकाशावरील नोंदीत "बदल सुचवा" ही सोय सर्वांना खुली असते आणि तिथून फोन क्रमांक बदलण्याचीही सूचना करता येते. नोंदीचा मालकी हक्क आपण घेतलेला नसेल तर असा बदल आपल्याला कळतही नाही. किनाऱ्यावरच्या अनेक घरांची नोंद कधीकाळी मुक्कामाला आलेल्या पाहुण्यानेच हौसेने केलेली असते. ती आपल्या नावावर घ्यावी आणि हंगामापूर्वी दुसऱ्याच्या फोनवरून, स्वतःच्या खात्यात लॉगइन न करता, उघडून पाहावी. त्यावर दिसणारा क्रमांक लावून फोन आपल्याच घरात वाजतो की नाही, याहून खात्रीची चाचणी नाही.

डोमेन कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न त्याहून अवघड जातो. साइट करून देणाऱ्याने ते स्वतःच्या खात्यातून घेतलेले असते, तो पुढे मुंबईला नोकरीला जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहते आणि एक दिवस डोमेन सुटते. डॉट कॉम डोमेनची मुदत संपून ते काढून टाकले गेले, तर सोडवून घेण्यासाठी तीस दिवसांचा जादा शुल्काचा काळ मिळतो, त्यानंतर पाच दिवसांनी ते कोणालाही घेता येते. मग बनावट साइटला पत्त्यात अक्षरही बदलावे लागत नाही. जुन्या माहितीपत्रकांवर, पाट्यांवर आणि पाहुण्यांच्या फोनमध्ये छापलेला आपलाच पत्ता तिला आयता मिळतो.

ज्या ईमेलवर हे सगळे बांधलेले आहे, त्याला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, लावावी. शक्य असेल तर एसएमएसऐवजी, फोनवरच कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर अॅपची. व्हॉट्सअॅपमध्ये सहा अंकी पिनची दुहेरी पडताळणी चालू करावी आणि "लिंक्ड डिव्हाइसेस"मध्ये अनोळखी संगणक दिसला तर त्याला बाहेर काढावे. रिसेप्शनचा फोन घरातल्या सर्वांच्या हातात असतो, त्यामुळे ओटीपी सांगायचा नाही हा नियम स्वयंपाकघरातल्या मदतनीस काकींपर्यंत पोहोचलेला असावा. "लष्करी अधिकारी बोलतोय, दहा खोल्या हव्यात, आगाऊ रक्कम पाठवतो, फक्त हा क्यूआर स्कॅन करा" असा फोन आला तर लक्षात ठेवावे की यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही; पिन मागितला की पैसे जाणार आहेत. लग्नपत्रिकेच्या किंवा ओळखपत्राच्या नावाने आलेली एपीके, म्हणजे अॅप बसवणारी, फाइल फोनवर चढवूच नये.

फोटोंवर मधोमध, सहज कापता येणार नाही असे घराचे नाव टाकावे. पर्यटन विभागाकडे निवास-न्याहारी योजनेत नोंदणी असेल तर तिचा क्रमांक साइटवर द्यावा. आणि चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला पाठवण्यासाठी एक ठरावीक संदेश तयार ठेवावा, उदाहरणार्थ: "नमस्कार. आमच्या घराचे आरक्षण फक्त याच क्रमांकावरून होते. आगाऊ रक्कम पाठवताना अॅपमध्ये घरमालकांचे नाव दिसले पाहिजे. दुसरे कोणतेही नाव दिसल्यास पैसे पाठवू नयेत आणि आम्हाला फोन करावा. आम्ही सकाळी सात ते रात्री दहा फोन उचलतो." यात लिहिलेल्या वेळा पाळल्या जाव्यात, कारण खरा फोन न उचलला गेल्यामुळेच पुष्कळ पाहुणे शोधात सापडलेल्या दुसऱ्या क्रमांकाकडे वळतात.

ही सगळी तपासणी करायला जून ते ऑगस्ट हा काळ योग्य. तेव्हा जलक्रीडा बंद असतात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही थांबलेल्या असतात आणि खोल्या रिकाम्या असतात. गणपतीपूर्वी डोमेनची मुदत, नकाशावरचा क्रमांक, ईमेलची पडताळणी आणि आपल्या घराच्या नावाचा एक शोध एवढे करून ठेवावे. शोधात नवे बनावट पान सापडलेच, तर त्याच्या पत्त्याची आणि नोंदणीच्या तारखेची नोंद गेल्या वर्षीच्या फोल्डरमध्येच करावी आणि जुन्या तक्रारीचा क्रमांक देऊन पोलीस ठाण्यात ती पुरवणी माहिती म्हणून द्यावी.